आईबरोबर परदेशी : पहिला दिवस

सातपूरच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "आईला घेऊन सहल कंपनीबरोबर युरोपला निघाले आहे. आईचं वय ७३. स्वेटर, मोजे, औषधं सगळं घेऊन झालं. मला धास्ती आहे ती फक्त पहिल्या दिवसाची. तो एकदा पार पडला की पुढचं जमेल असं वाटतं. काय काय सांभाळू?"

मला हे पत्र फार आवडलं. सहलीला निघताना बायका बहुधा विचारतात ते खरेदीबद्दल, थंडीबद्दल, जेवणाबद्दल. पहिल्या दिवसाचं भय कोणी बोलून दाखवत नाही. पण म्हाताऱ्या माणसाची सहल बिघडते ती पहिल्याच दिवशी, आणि एकदा बिघडली की पुढचे आठ-दहा दिवस ते माणूस खोलीत पडून राहतं किंवा बसमध्ये डोळे मिटून बसतं.

आमच्या आईची पहिली परदेशवारी २०२५ च्या जूनअखेर झाली. मुंबई ते झ्युरिक, आणि तिथून पुढे युरोप. आईचं वय ७४. माहेर सटाण्याचं, सासर पंचवटीतलं. वडील होते तोवर दोघांनी यात्रा कंपनीच्या बसने काशी-रामेश्वर आणि चारधाम केलेलं. त्यामुळे घोळक्यानं प्रवास करायची तिला सवय होती. विमान मात्र पहिलंच.

आधी थोडं पैशाचं बोलते, कारण त्याचा पहिल्या दिवसाशी संबंध आहे. लेकीच्या पैशाने फिरायचं आईच्या जिवावर आलं होतं. सासरच्या माणसांपुढे मला खाली बघावं लागेल, हेही तिच्या मनात होतंच. शेवटी तिने पोस्टातली ठेव मोडली आणि अर्धे पैसे माझ्या हातात दिले. भाऊ म्हणाला, "तू घेतेस कशी?" मी घेतले. माझं स्पष्ट मत आहे की आई देत असेल तर घ्यावेत. ज्या बाईने आपल्या सहलीचे पैसे स्वतः मोजलेत ती बसमध्ये चोरट्यासारखी अंग आक्रसून बसत नाही. मात्र बिल कोणाच्या पॅन कार्डावर करायचं ते आधी ठरवा. परदेशाच्या सहलीवर सरकार जो टीसीएस कापतं तो विवरणपत्र भरल्यावरच हिशेबात मिळतो, आणि आपल्या बऱ्याच आया विवरणपत्र भरत नाहीत.

तर आता पहिला दिवस. कंपनीच्या कागदावर तो 'झ्युरिक आगमन' असा दोन शब्दांत उरकलेला असतो. आईच्या अंगाने तो मोजून बघा. झ्युरिकचं विमान मुंबईहून मध्यरात्रीनंतर, एकच्या सुमारास निघतं. (इथे तारखेचा घोटाळा होतो. शनिवारी रात्री एकचं विमान म्हणजे घर सोडायचं ते शुक्रवारी दुपारी! तिकीट वाचताना बोट ठेवून वाचा.) विमानतळावर तीन-चार तास आधी पोचायचं. नाशिकहून चार तास धरले तरी वाटेतली गर्दी आणि चहा मिळून आम्ही शुक्रवारी तीन वाजता निघालो. इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला खुला झाल्यामुळे कसारा घाट टळला, पण पुढे ठाण्याची वाहतूक आहेच. विमान सुमारे नऊ तासांचं. तिथे उतरता तेव्हा सकाळचे साडेसहा, आपल्याकडचे दहा. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. आणि हॉटेलची खोली मिळते दुपारी तीनच्या पुढे. आपल्या आया पहाटे पाचला उठणाऱ्या. शुक्रवारी पाचला उठलेली बाई खोलीतल्या गादीवर पाठ टेकते तोवर ३८ तास झालेले असतात! मधे काय ती खुर्चीतली डुलकी.

म्हणून शुक्रवारी दुपारी आईला दोन तास झोपवणं हे पहिलं काम. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्या दिवशी शेजारणी निरोपाला येतात, मावशी ओटी भरायला येते, कोणी थालीपीठ बांधून आणतं, आणि आई सगळ्यांना चहा करत बसते. निरोपसमारंभ आदल्या दिवशी उरका. आमच्याकडे वहिनीने दुपारी दाराला बाहेरून कुलूप लावून मागच्या दाराने आत येण्याची युक्ती केली. लोक 'गेल्या वाटतं' म्हणून परत गेले.

ओटीवरून आठवलं. सुक्या खोबऱ्याची वाटी विमानाच्या सामानात ठेवू नका. तेलामुळे ती पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडते. काडेपेटीही नको. आईची सुपारी फोडायची सवय असेल तर अडकित्ता हातातल्या पिशवीत अजिबात नको, तपासणीत काढून घेतात. लोणचं मोठ्या बॅगेत, कारण ते त्यांच्या हिशेबी पातळ पदार्थात जातं. पेढे, बर्फी, पनीर असे दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ युरोपात बाहेरून नेता येत नाहीत. आपला नाशिकचा चिवडा मात्र न्या. पहिल्या दिवशी त्याचा काय उपयोग झाला ते पुढे सांगते. निघायच्या तारखेला चतुर्थी-एकादशी येते का, तेही कालनिर्णयात बघून ठेवा. आईचा उपास असेल तर राजगिऱ्याचे लाडू हातातल्या पिशवीत, आणि सहल व्यवस्थापकाला दोन दिवस आधी निरोप.

औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका. ती हातातल्या पिशवीत हवीत, मूळ पाकिटांत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इन्सुलिन तर मुळीच मोठ्या बॅगेत नको, विमानाच्या पोटातल्या थंडीत ते गोठून वाया जाऊ शकतं. आणि हा दिवस २४ तासांचा नसून साडेसत्तावीस तासांचा आहे हे आपल्या डॉक्टरांना सांगून मधुमेहाच्या औषधाच्या वेळा कागदावर लिहून घ्या. अंदाजाने करू नका. विमा उतरवताना रक्तदाब, साखर लपवू नका. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण जुन्या दुखण्यांना त्यात किती जागा आहे ते बारीक अक्षरात दिलेलं असतं. ते वाचायलाच हवं.

विमानतळावर चाकाची खुर्ची घ्यावी का, यावर घरोघर वाद होतात. आईला वाटतं, लोक म्हणतील चालता येत नाही तर आली कशाला. मुंबईचा विमानतळ म्हणजे रविवार कारंज्यावरून पंचवटीत जाण्याइतकं चालणं, शिवाय रांगा वेगळ्याच. गुडघे दुखत असतील तर दोन दिवस आधी कंपनीमार्फत खुर्ची सांगून ठेवावी. तिचे पैसे पडत नाहीत. आमच्या आईने मान्य केलं ते एका अटीवर : खुर्ची झ्युरिकच्या विमानतळाबाहेर यायची नाही. मला ती अट पटली. पुढच्या दिवसांत चालायचं असेल तर गुडघे पहिल्या रात्रीच कशाला झिजवायचे?

साडी नेसणाऱ्या आयांसाठी एक गोष्ट. सरकत्या जिन्यावर निऱ्या अडकण्याचं भय खरं आहे. निऱ्या वर खोचून पिन लावा आणि शक्य तिथे लिफ्टच धरा. बूट महिनाभर आधी घ्या आणि चालवून घ्या. आई रोज संध्याकाळी साडीवर बूट घालून गोल्फ क्लबच्या मैदानाला दोन फेऱ्या मारायची. पहिले चार दिवस लाजली, मग तिच्यासारख्याच तीन बायका तिथे भेटल्या.

पासपोर्ट कोणाजवळ ठेवायचा? बहुतेक मुली आईचा पासपोर्ट आपल्याच पर्समध्ये ठेवतात. हरवला तर काय, हे भय असतं. मी म्हणते, विमानतळावर तरी आईचा पासपोर्ट आईच्या हातात असू द्या. गळ्यात अडकवायची छोटी पिशवी शिवून द्या. त्या खिडकीशी अधिकारी आईच्या चेहऱ्याकडे बघणार, आईच्या बोटांचे ठसे बघणार, मग कागद तेवढा मुलीकडे का? ठशांवरूनही आमच्याकडे गंमत झाली होती. व्हिसाच्या वेळी दहाही बोटांचे ठसे घेतात. आईचे उमटेचनात. पुन्हा पुन्हा बोटं टेकवून झाली. त्या मुलीने विचारलं, "आजी, काय काम करता?" आई म्हणाली, "पन्नास वर्षं राखेनं भांडी घासली. रेषा भांड्यांना गेल्या." हसलो सगळे, पण मला ते लागलं. ज्यांच्या आयांना आधार कार्डाच्या वेळी असा त्रास झाला असेल त्यांनी आठ-पंधरा दिवस आधीपासून रात्री बोटांना खोबरेल चोळावं आणि जायच्या आधी हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर येण्याजाण्याची नोंद फोटोसह यंत्रावर घ्यायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली आहे. त्यामुळे तिथे वेळ लागला तर घाबरू नका.

झ्युरिकला विमान दूरच्या इमारतीशी लागलं तर एक छोटी भुयारी गाडी मुख्य इमारतीत नेते. त्या गाडीत एकदम गळ्यातल्या घंटा वाजू लागतात आणि गाय हंबरते. मुद्दामच लावलेला आवाज आहे तो. रात्रभराची जागी आई दचकून म्हणाली, "अगं, इथे गाय कुठे?" आणि मग जी हसायला लागली ती सामान येईपर्यंत. विमानात पोटात उठलेला भीतीचा गोळा त्या हंबरण्याने गेला, असं तिचं म्हणणं.

बाहेर बस उभी होती. आता मी मुद्द्याशी येते.

मराठी सहल कंपन्यांनी आपल्या बायकांवर मोठे उपकार केलेत यात शंका नाही. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये केसरी टूर्स काढली, त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड. आणि देशातल्या यात्रांसाठी आपल्या नाशिकच्या चौधरी यात्रा कंपनीचं नाव घरोघर ठाऊक आहे. सोबत मराठी बोलणारा माणूस आणि ताटात वरणभात, एवढ्या दोन गोष्टींवर कितीतरी आज्यांनी परदेश बघितला. पण माझ्या मते समूह सहलीचा म्हाताऱ्या आईला खरा उपयोग वरणभाताचा नाही. तो आहे बसमधल्या दुसऱ्या म्हाताऱ्या आईचा.

बस सुटल्यावर व्यवस्थापकाने ध्वनिक्षेपक फिरवला. वीस-बावीस जण होतो, प्रत्येकाने ओळख करून द्यायची. बहुतेक वडीलधाऱ्या बायका 'मी ह्यांची आई', 'मी ह्यांची सासू' म्हणून मोकळ्या होत होत्या. काही मुली तर आईच्या हातातून ध्वनिक्षेपक काढून घेऊन स्वतःच बोलल्या. आमच्या आईची पाळी आली आणि तिने आपलं माहेरचं नाव सांगितलं! पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सटाण्याचं. लग्नात नाव बदललं त्याला ५२ वर्षं झाली. तेव्हापासून त्या नावाने तिला हाक मारणारी फक्त तिची मोठी बहीण होती, तीही आता नाही. व्यवस्थापक पोरगा आपल्या यादीत वरखाली शोधत बसला. त्याला वाटलं, एक माणूस जास्त चढलं. मी काही बोलले नाही. तिचं तिनेच मग समजावलं, "पासपोर्टवर दुसरं आहे रे, पण तू विचारलंस ना नाव?"

सटाणा ऐकल्यावर मागच्या बाकावरच्या धुळ्याकडच्या एक बाई पुढे वाकल्या. आईच्याच वयाच्या. दोन मिनिटांत दोघींची अहिराणी सुरू झाली. आईने माझ्याकडे बघितलं. मी उठून त्यांच्या मुलीजवळ जाऊन बसले आणि त्या माझ्या जागेवर आल्या. मैत्रिणींनो, पहिल्या दिवशीच ही अदलाबदल करा. आई आपल्याला बिलगून बसली की आपल्याला बरं वाटतं, पण दिवसभर लेकीशी बोलून बोलून आई किती बोलणार?

त्या बाईंची मुलगी फार दक्ष होती. सकाळ-दुपार-रात्र अशा खणांची औषधाची डबी, गुडघ्याचे पट्टे, गरम पाण्याची पिशवी, काही म्हणून विसरली नव्हती. आईला चढता-उतरताना हात देत होती. फक्त आईने काही बोलायला तोंड उघडलं की, "आई, तू थांब, मी सांगते ना." न्याहारीच्या वेळी वेटरने बाईंना विचारलं, उत्तर मुलीने दिलं. ओळखीच्या वेळीही तेच. हे प्रेमानेच चाललं होतं.

पहिल्या दिवशी झ्युरिकहून शाफहाउझनजवळचा ऱ्हाइन नदीचा धबधबा दाखवतात. रुंदी सुमारे १५० मीटर, उंची २३ मीटर. उंचीने काही फार नाही, पण उन्हाळ्यात बर्फ वितळून पाण्याचा जो लोट येतो तो बघत राहावा असा. आई म्हणाली, "आपल्या सोमेश्वरासारखंच की, श्रावणातल्या." म्हटलं, हो, थोडं मोठं. कठड्याशी उभ्या होतो आणि धुळ्याच्या बाई एकदम खाली बसल्या. तोंड पांढरं, हात गार. मुलगी घाबरून गेली. साखर कमी झाली असेल म्हणून तिने गोळी काढली, कोणी म्हणालं थंडी बाधली, कोणी म्हणालं रक्तदाब. आई तिला हाताने थांबवून म्हणाली, "अगं, तिनं काल मुंबई सोडल्यापासून पाणीच प्यायलेलं नाही."

आईला कसं कळलं? अहिराणीत कळलं. बसमध्ये शौचालय नाही, विमानातल्या त्या खोपट्यात जायची लाज, सारखं उठलं की मुलीला त्रास, आणि शिंकलं-खोकलं की थेंब गळतात हे कोणाला सांगायचं? म्हणून बाईंनी सरळ पाणीच बंद केलेलं. नऊ तासांच्या विमानात अर्धा पेला, तोही गोळी गिळण्यापुरता. आणि रक्तदाबाच्या त्या गोळीतही लघवी होण्याचं औषध होतं. हे त्यांनी ओळख होऊन तीन तास झालेल्या बाईला सांगितलं. पोटच्या मुलीला नाही.

व्यवस्थापकाने मीठ-साखरेचं पाणी केलं, त्यांना बाकावर पाय वर करून निजवलं, घोटघोट पाजलं. वीसेक मिनिटांत रंग परत आला. मुलीच्या डोळ्यांतून मात्र पाणी थांबेना. "मला का नाही सांगितलंस?" असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. बाई काही बोलल्या नाहीत. तिचा हात थोपटत राहिल्या. (छातीत दुखणं, बोलताना जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं असं काही असेल तर पाणी पाजत बसू नका. सबंध युरोपात ११२ या क्रमांकावर मदत मिळते.)

पाणी न पिण्याची ही खोड आपली सगळ्यांचीच आहे. एस. टी.च्या प्रवासात आपणही तेच करतो. तरुण शरीर सोसतं. सत्तरीनंतर तहानच कमी लागते, आणि विमानातली हवा कोरडी. त्यातून चक्कर, पायांना गोळे, लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ हे सगळं निघतं. म्हणून आईशी निघायच्या आधी, घरी, दार लावून हे स्पष्ट बोला. बसच्या थांब्यावर चारचौघांत नको. थेंब गळत असतील तर ते वयाचं म्हणून सोडून देऊ नका. महिना-दोन महिने आधी डॉक्टरांना दाखवलं तर ओटीपोटाचे साधे व्यायाम सांगतात, आणि त्यांनी फरक पडतो. प्रवासात पॅड वापरण्यात कसली लाज? दोन पॅड, एक जादा परकर आणि प्लॅस्टिकची पिशवी आईच्या स्वतःच्या पर्समध्ये असावी, तुमच्या नव्हे. म्हणजे मागावं लागत नाही.

बस थांबेल का हे भय असतं, त्यावर उत्तर आहे. तिकडे चालकाला साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विसावा घ्यावाच लागतो, तो कायदा आहे. सहलीच्या बस तर त्याहून लवकरच थांबतात. व्यवस्थापकाला सकाळीच विचारा, पहिला थांबा किती वाजता आणि दुसरा किती वाजता. वेळ ठाऊक असली की आई पाणी पिते. बऱ्याच ठिकाणी शौचालयाला एक-दोन फ्रँक किंवा युरोची नाणी लागतात. ती नाणीही आईजवळ द्या, दर वेळी लेकीकडे हात पसरायला नको. तिथे पाण्याची सोय नसते, कागदच असतो, म्हणून अर्ध्या लिटरची रिकामी बाटली बरोबर ठेवा. प्यायचं पाणी विकत घेत बसू नका. स्वित्झर्लंडमध्ये नळाचं पाणी खुशाल पितात. झ्युरिक शहरात तर बाराशेच्या वर कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिता येतं. आईने एका कारंज्याला नमस्कार करून बाटली भरून घेतली.

दुपारी साडेतीनला खोली मिळाली. आता झोप अशी येते की विचारू नका. पण दुपारी गाढ झोपलं की रात्र डोळ्यांवर जाते. तासभर पडू द्या, मग उठवा. हॉटेलची न्हाणी नीट दाखवून द्या : टबमध्ये चढताना हात कुठे धरायचा, गरम पाणी कोणत्या बाजूला, पडदा टबच्या आत ठेवायचा. बादली-तांब्या नसतो आणि बाहेरच्या फरशीवर पाणी सांडलं तर जायला मोरीच नसते. पायाखाली टॉवेल अंथरा. न्हाणीत पडण्याचं भय म्हाताऱ्या माणसांना असतंच. दार ओढलं की आपोआप बंद होतं, म्हणून खोलीचं दुसरं कार्ड आईजवळ द्या, आणि हॉटेलच्या नावपत्त्याचं छापील कार्ड तिच्या पर्समध्ये घाला. त्याच्या मागे व्यवस्थापकाचा आणि तुमचा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहा.

संध्याकाळी एक वेगळीच अडचण आली. आई दिवेलागणीची वाट बघत बसली. सात झाले, आठ झाले, बाहेर लख्ख ऊन! जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो साडेनवाच्या आसपास. दिवा लावायचा नाही हे मी आधीच सांगितलं होतं, कारण खोलीत निरांजन किंवा उदबत्ती लावली तर धुराची घंटा वाजते आणि दंड भरावा लागू शकतो. पण संध्याकाळच होईना तर शुभंकरोती म्हणायचं कधी? शेवटी तिने माझ्या घड्याळात बघितलं. नाशिकचे साडेअकरा वाजून गेले होते. "देव झोपले असतील," म्हणाली आणि पडदे ओढून हात जोडून आडवी झाली. जाड पडदे पूर्ण ओढून घ्या, त्याशिवाय झोप लागायची नाही.

आणि एक गोष्ट झोपण्याआधी सांगून ठेवा. आपल्या घड्याळाने पहाटे पाचला जाग येते, तेव्हा तिथे रात्रीचा दीड वाजलेला असतो. आई बरोबर दीडला उठून बसली, आंघोळीला निघाली. मी घड्याळ दाखवलं तर म्हणाली, "मग आता काय करायचं?" भूक लागलेली असते, कारण शरीराला वाटतं सकाळ झाली. इथे चिवडा कामाला आला. चार घास खाऊन, पाणी पिऊन परत झोपली.

सहलीत सहा-सात-आठ म्हणतात, सहाला उठणं, सातला न्याहारी, आठला बस. मी सहाला उठले तर आईचा पलंग रिकामा. खाली जाऊन बघते तो धुळ्याच्या बाई आणि ती दिवाणखान्यात कोचावर बसलेल्या, दोघींच्या हातांत गरम पाण्याचे पेले. रात्रपाळीच्या त्या पोराकडून ते कोणत्या भाषेत मागितलं, ते दोघींनीही मला अजून सांगितलेलं नाही.